दोन बादल्या आणि डझनभर फडकी : घरपोच गाडी-सफाईचा व्यवसाय

अभ्यासासाठी शास्त्रभाग : २ राजे ४:१–७
(तरुण संघ, महिला मंडळ आणि वसतिगृहातील मोठ्या मुलांच्या बैठकीत वाचण्यासाठी)



या वेळचा शास्त्रभाग आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकला आहे. संदेष्ट्यांच्या मंडळातला एक देवभीरू माणूस वारला. मागे कर्ज राहिले आणि सावकार त्याच्या दोन मुलांना दास करून न्यायला दारात आला. ती विधवा अलीशाकडे गेली. उपदेशात आपण बहुधा तेल वाढत गेले त्या चमत्कारापाशी थांबतो. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे पाहा. अलीशाने तिच्या हातावर पैसे ठेवले नाहीत. घरात काय उरले आहे, ते त्याने विचारले. तेलाचे एक भांडे निघाले. मग त्याने शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगितली, तीही भरपूर. शेवटी त्याने व्यवहाराचा क्रम लावून दिला. आधी तेल विकायचे, मग कर्ज फेडायचे आणि जे उरेल त्यावर मायलेकरांनी जगायचे.

बैठकीत इथे क्षणभर थांबावे आणि एकमेकांना विचारावे : या गोष्टीत शेजाऱ्यांचे काम कोणते होते? त्यांनी तेल दिले नाही, पैसेही दिले नाहीत. भांडी दिली. या प्रश्नाकडे आपण पाठाच्या शेवटी परत येऊ.

आता हा शास्त्रभाग घेऊन नाशिकला येऊ. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतली कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी समाजाची मुले दहावी-बारावी करून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यापुढे फार वाटा नसतात. कोणी सातपूर-अंबडला ठेकेदाराकडे लागतो, कोणी वॉचमन होतो, कोणी हॉटेलात भांडी घासतो. भात आणि नागली निघाली की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी आणि खुड्याच्या कामाला जातात. पुष्कळदा मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत मुलांची शाळा बुडते. सावकार मुलांना न्यायला येतो हे वाक्य आपल्या डोंगरात जुन्या करारातले वाटत नाही.

म्हणून या वेळी एकाच छोट्या धंद्याचा नीट अभ्यास करू. गाड्या आतून-बाहेरून स्वच्छ करण्याचा, ग्राहकाच्या दारी जाऊन करायचा व्यवसाय. शहरात त्याला ‘कार डिटेलिंग’ म्हणतात. नाव मोठे आहे, काम हाताचे आहे.

मिशनच्या कामात हातोडा आणि करवत नवी नाही, हे नाशिककरांना सांगायला नको. शरणपूरच्या वसाहतीत एकोणिसाव्या शतकात देवाच्या वचनाबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तिथेच वाढली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मृतदेहासोबत इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला हजर राहिला. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या गाड्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल. त्या गाड्यांकडेच आता वळू.

जागा कुठे रिकामी आहे

नाशिक हे गाड्या बनवणारे शहर आहे. स्कॉर्पिओ आणि बोलेरो इथल्या कारखान्यातून बाहेर पडतात. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावले तर दुचाकींच्या बरोबरीने चारचाकी उभ्या दिसतात. त्यांची सफाई आज दोन प्रकारे होते. पहाटे येऊन ओल्या फडक्याने गाडी पुसणारा माणूस असतो. त्याला गाडीमागे महिन्याला काही शे रुपये मिळतात आणि एका फडक्याने तो वीस गाड्या पुसतो. दुसरीकडे वॉशिंग सेंटर असते. तिथे पाण्याचा जोरदार फवारा, फेस आणि रविवारी तासभर रांग.

या दोन्हींच्या मधे जागा रिकामी आहे. ज्येष्ठ नागरिक, दवाखान्यात दिवसभर बसणारे डॉक्टर, लहान मुलांची आई, दुकान सोडून न जाऊ शकणारा दुकानदार यांना कोणीतरी वेळ ठरवून दारी यावे, सीटवर सांडलेले दूध काढावे, पायपुसण्यांतली माती झाडावी, काचा लख्ख कराव्यात, असे वाटत असते. मशीन नसलेल्या, पण हात स्वच्छ आणि वेळ पाळणाऱ्या मुलाला हे काम करता येते. मुलीलाही येते. दोघी मैत्रिणींनी जोडीने जावे, म्हणजे घरच्यांना काळजी नाही आणि काम निम्म्या वेळात होते.

पाण्याचा प्रश्न

हा भाग मी जरा सावकाश लिहिणार आहे, कारण आपल्या मुलांच्या बाबतीत धंद्याचा पाया इथेच आहे.

नाशिक शहर गंगापूर धरणाचे पाणी पिते. ते पाणी त्र्यंबकच्या डोंगरांवर पडते आणि गोदावरी, काश्यपी या नद्यांतून खाली येते. त्याच डोंगरांतल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन दरीत उतरतात, तळ गाठलेल्या विहिरीत वाटीने पाणी भरतात. पावसाळ्यात जिथे छत्री टिकत नाही तिथली ही उन्हाळ्याची स्थिती आहे. अशा पाड्यावरून आलेल्या मुलाच्या हातात आपण नळी द्यायची आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुवायला सांगायचे? साध्या नळीतून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज जाते. दहा मिनिटे धुतले तर शंभर लिटरच्या वर.

उपाय आहे, आणि तो स्वस्तही आहे. त्याला ‘रिन्सलेस वॉश’ म्हणतात, म्हणजे वरून पाणी न ओतता धुणे. दहा लिटर पाण्यात या कामासाठी मिळणारा खास शाम्पू बाटलीवर लिहिलेल्या मापाने, बहुधा एखादे झाकणभर, टाकायचा. त्यातले चिकट-गुळगुळीत द्रव्य धुळीच्या कणाला वेढून घेते, त्यामुळे कण पत्र्यावर घासला न जाता फडक्यात उचलला जातो. एक लहान गाडी दीड बादलीत होते. बाटली ऑनलाइन मागवावी लागते आणि साध्या शाम्पूपेक्षा महाग असते, पण एकेका गाडीला लागते फार थोडी.

शहरेही याच दिशेने चालली आहेत. मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाई असताना बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. उन्हाळ्यात आपल्याकडच्या सोसायट्याही पार्किंगमधला नळ बंद करतात. त्या दिवशी नळीवाल्याचा धंदा बंद पडतो आणि बादलीवाल्याचा चालू राहतो. शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटताना पहिले वाक्य हेच सांगायचे : काका, मी तुमचे पाणी सांडणार नाही, दोन बादल्यांत काम करतो.

उरलेले घाण पाणी पावसाळी गटारात ओतू नये. ते नंदिनीत, म्हणजे आपल्या जुन्या नासर्डीत, आणि तिथून गोदेत जाते. बाथरूमच्या किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडण्याची परवानगी मागावी.

एक अपवाद लक्षात ठेवावा. शेतावरून चिखलाने माखून आलेली बोलेरो या पद्धतीने धुवायची नाही. आधी चिखल पाण्याने उतरलाच पाहिजे, नाहीतर तोच सँडपेपरसारखा रंगावर फिरतो. अशी गाडी आली तर ग्राहकाला नम्रपणे सांगावे की एकदा वॉशिंग सेंटरवरून पाणी मारून आणा, पुढचे मी करतो. खोटे धाडस करू नये.

हाताची पद्धत

गाडी स्वच्छ करणे आपल्याला येते असे प्रत्येकालाच वाटते. घरी आपण जुने बनियन किंवा साडीचा तुकडा घेतो, कपड्याचा साबण किंवा भांड्याचा लिक्विड सोप घेतो आणि गोल गोल घासतो. गाडी चमकते, पण उन्हात उभी केली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. ते धुळीच्या कणांनी पडलेले असतात. भांड्याचा साबण मेणाचा थर काढून टाकतो, म्हणून पुढच्या वेळी धूळ अधिकच चिकटते.

त्यामुळे शिकवताना पहिला धडा फडक्याचा. मायक्रोफायबरची निदान बारा फडकी हवीत आणि रंगाने वाटून घ्यावीत. समजा निळी फक्त पत्र्यासाठी, पिवळी आतल्या भागासाठी, हिरवी काचांसाठी, काळी चाकांसाठी. चाकाचे फडके पत्र्याला कधीच लागायचे नाही. फडक्याची चौपदरी घडी केली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मळली की पुढची. खाली पडलेले फडके त्या दिवशी परत वापरायचे नाही, मग ते कितीही स्वच्छ दिसो. घरी ती वेगळी धुवावीत, कम्फर्टसारखे सुगंधी द्रव्य घालू नये, कारण त्याने फडक्याची पाणी शोषण्याची ताकद जाते.

काम सावलीत करायचे आणि बॉनेट गार झाल्यावरच. हाताला चटका बसेल अशा पत्र्यावर शाम्पू लगेच वाळतो आणि डाग पडतात. छतापासून सुरुवात करून खाली यायचे, कारण सर्वांत जास्त माती दारांच्या खालच्या भागाला असते. हात सरळ रेषेत चालवायचा, गोल नाही. एक भाग पुसला की तो तिथल्या तिथे कोरडा करायचा. बोअरचे जड पाणी वाळले की पांढरे ठिपके मागे राहतात आणि ते नंतर काढताना फार त्रास होतो. साध्या शाम्पूने धुवायची वेळ आली तर दोन बादल्या हव्यात : एकीत शाम्पू, दुसरीत नुसते पाणी. हातमोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात खळखळून मग शाम्पूत बुडवायचा.

आतले काम जास्त वेळखाऊ आणि जास्त मोलाचे. ग्राहक पैसे खरे तर त्याचेच देतो. पायपुसणी बाहेर काढून झाडायची, मग व्हॅक्यूम, मग ब्रशने एसीच्या फटी, मग डॅशबोर्ड. क्लिनर नेहमी फडक्यावर फवारायचा, बटणांवर किंवा स्क्रीनवर कधी नाही. कापडी सीट भिजवायच्या नाहीत. थोडा फेस, मऊ ब्रश, लगेच टिपून घेणे आणि दारे उघडी ठेवून वाळवणे. ओली राहिली तर तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो आणि फोन येतो. काचेवर काळी फिल्म असेल तर अमोनियाचा क्लिनर वापरू नये.

आता काही गोष्टी अशा आहेत ज्यांत चूक झाली तर जीव जाऊ शकतो. स्टीअरिंग, ब्रेकचे पेडल आणि पायाखालचे मॅट यांना चकचकीत पॉलिश लावायचे नाही, पाय घसरतो. टायरचे पॉलिश फक्त बाजूला, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला नाही. ब्रेकच्या चकतीवर काहीही फवारायचे नाही. इंजिनवर पाणी मारायचे नाही, इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाला हात लावायचा नाही. चाके चटकन चमकवणारी तेजाबाची द्रावणे बाजारात मिळतात. ती घेऊच नयेत, कातडी आणि फुप्फुसे दोन्ही जाळतात. आणि लायसन्स असले तरी ग्राहकाची गाडी आपण हलवायची नाही. जरा पुढे घे रे, असे कोणी म्हणाले तरी हात जोडावेत.

पहिल्या दोन महिन्यांत हात बसला की एक जोडकाम शिकून घ्यावे : पिवळे पडलेले हेडलाइट. त्या काचा नसतात, प्लॅस्टिक असते आणि उन्हाने वरचा थर पिवळा होतो. ओल्या पॉलिशपेपरने १०००, २००० आणि ३००० नंबर अशा क्रमाने घासून, पॉलिश करून, वर ऊन अडवणारा थर द्यायचा. हा शेवटचा थर विसरला तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपण येते. साहित्य थोडे, मोबदला चांगला आणि रात्री गाडी चालवणाऱ्याला खरा उपयोग.

पैशांचा हिशेब

पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. दुकानागणिक शे-दोनशेचा फरक पडेल. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या, झाकणाच्या दोन बादल्या २०० रुपयांत मिळतात. नवीन घेण्याचे कारण नाही. बारा मायक्रोफायबर फडकी १,३००, दोन हातमोजे ४००, शाम्पू ५००, ब्रश ३५०, चार स्प्रे बाटल्या २४०, काच, डॅशबोर्ड आणि टायरची द्रव्ये मिळून ७००, रबरी हातमोजे, एप्रन आणि पिशवी ५००. इथवर ४,१९० रुपये झाले. पावतीपुस्तक आणि कार्डे ३०० धरली तर ४,४९०. एवढ्यावर काम सुरू होते.

व्हॅक्यूम साधारण ४,८०० आणि तीन पिनांची लांब वायर ७००. हे दोन्ही नंतर घ्यावे किंवा पहिले काही आठवडे कोणाकडून उसने घ्यावे. सगळे धरूनही ९,९९० रुपये, दहा हजारांच्या आत. प्रेशर वॉशर, फोम गन, पॉलिशिंग मशीन यांच्या जाहिराती मोबाइलवर रोज दिसतील. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे पाहू नये. चुकीच्या हातातले पॉलिशिंग मशीन ग्राहकाचा रंग पत्र्यापर्यंत उडवते.

आता मिळकत. लहान गाडीची आतून-बाहेरून पूर्ण सफाई करायला नवख्याला अडीच ते तीन तास लागतात. दर ६०० रुपये धरू. गाडीमागे साहित्य ५० आणि प्रवास ४०. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला पाचच गाड्या मिळाल्या, म्हणजे महिन्याला वीस, तर १२,००० येतात. त्यातून १,८०० खर्च आणि फोन, फडक्यांची झीज यांचे १,००० काढले तर ९,२०० हातात राहतात. शहरात खोली घेऊन राहणाऱ्याला हे पुरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणून या काळात आधीची अर्धवेळ नोकरी सोडू नये. महिन्याला चाळीस गाड्या होऊ लागल्या की त्याच हिशेबाने २४,००० मधून ४,६०० वजा जाऊन १९,४०० उरतात. तिथे पोहोचायला सहा महिने लागू शकतात, वर्षही लागेल.

दर ठरवताना आपली मुले हमखास एक गोष्ट करतात. ‘तुम्ही द्याल ते’ म्हणतात. लाजेने म्हणतात, संस्काराने म्हणतात, पण धंदा त्याने बुडतो. दर कार्डावर छापावा : लहान गाडी, मोठी गाडी, फक्त आतून, हेडलाइट. छापील आकड्यापुढे घासाघीसही कमी होते आणि लाजही.

या धंद्याचे वर्ष आपल्या डोंगरातल्या वर्षाशी छान जुळते, आणि मला तरी या व्यवसायाची ही सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये गाड्या धुणे कमी होते, कारण रोज पाऊस आहे. त्याच वेळी घरी भाताची आवणी असते. मुलगा आठ-दहा दिवस गावी जाऊन आईवडिलांना हात देऊ शकतो. कारखान्यातला ठेकेदार एवढी सुट्टी देत नाही. दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत काम दुप्पट होते. पावसाळ्यातही ओल्या गालिच्यांचा वास आणि बुरशी काढण्याचे काम असते, ते मागून घ्यावे लागते. २०२७ च्या सिंहस्थात शहरात टुरिस्ट गाड्यांची गर्दी होईल. टॅक्सीवाल्यांना आतली स्वच्छता रोज लागते, त्यांच्याशी ओळख आतापासून करावी.

कर्ज आणि कागद

अलीशाने सांगितलेला क्रम इथे उपयोगी पडतो. त्या विधवेने भांड्यांसाठी नवे कर्ज काढले नाही. साडेचार हजारांसाठी आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज घेऊ नये. उसने, बचत गटातून किंवा दोन महिन्यांच्या मजुरीतून उभे करावे. काम जमले, वहीत सहा महिन्यांचा हिशेब दिसू लागला आणि जुनी दुचाकी घ्यायची वेळ आली की मग बँकेकडे जावे. २०१५ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. आदिवासी तरुणांसाठी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाच्या कर्जयोजना आहेत आणि त्याचे मुख्य कार्यालय नाशिकमध्येच आहे. जातीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक यांची एक फाइल आधीच करून ठेवावी. ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी हजार रुपये मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. सेवेच्या व्यवसायाला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, तेव्हा त्या भीतीने कोणी अडून राहू नये.

फाटकावर

सोसायटीचे फाटक ओलांडणे हे सर्वांत अवघड काम आहे. सावळा, बुजरा, मराठीत कोकणी बोलीचा हेल असलेला मुलगा हातात बादली घेऊन उभा राहिला की वॉचमन त्याला आधी हटकतो, मग नाव विचारतो, मग गाव. हे होते, होत राहील आणि मुलांना त्याची तयारी करून द्यावी लागते. स्वच्छ एप्रन, गळ्यात ओळखपत्र, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आणि ज्याच्याकडे जायचे त्याला फाटकावरूनच फोन. या चार गोष्टींनी पुष्कळ फरक पडतो.

आत गेल्यावर विश्वास कमवायचा मार्ग ठरलेला आहे. कामाआधी गाडीभोवती मालकासह एक फेरी मारून असलेले ओरखडे दाखवावेत आणि फोटो काढावेत. सीटखाली सापडलेली नाणी, पेन, कानातले, बिले हे सारे एका पिशवीत घालून मालकाच्या हातात द्यावे. पाच रुपयांचे नाणेही. मालकाला ते नाणे आठवतही नसते, पण पिशवी लक्षात राहते. पुढचे तीन ग्राहक त्या पिशवीतून येतात. एखादी गोष्ट तुटली तर लपवू नये. त्यासाठी दर गाडीमागे वीस रुपये वेगळ्या डब्यात टाकत जावे, म्हणजे भरपाईची वेळ आली तर उसनवारी नको.

शेजाऱ्यांची भांडी

आता सुरुवातीचा प्रश्न. आपल्या मंडळ्यांत गाडी असलेली अनेक कुटुंबे आहेत. या कामासाठी देणगी मागण्याचा माझा विचार नाही. रिकामी भांडी मागतो आहे.

व्हॅक्यूम घरात पडून असेल तर तीन महिने वापरायला द्यावा. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी एकदा बोलावे. इंग्रजी येणाऱ्या मुलांनी कार्डाचा मजकूर आणि गूगलवरची नोंद करून द्यावी. हिशेबाची वही महिन्यातून एकदा कोणीतरी निवृत्त बँक कर्मचाऱ्याने तपासावी. असा एक तरी माणूस प्रत्येक मंडळीत असतोच, आणि रविवारच्या चहानंतर तो मोकळाच असतो.

गाडी देताना मात्र छापील दर द्यावा. आपल्याच वसतिगृहातला मुलगा म्हणून निम्मे देणे ही त्याच्यावर मेहेरबानी नाही, तोटा आहे. दया म्हणून दुप्पट देणेही टाळावे. त्याने त्याला स्वतःच्या कामाची खरी किंमत कळत नाही आणि बाहेरच्या ग्राहकापुढे तो गडबडतो. पैसे त्याच दिवशी द्यावेत. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते (लेवीय १९:१३, अनुवाद २४:१५). पुढच्या रविवारी चर्चमध्ये देतो, हे त्यात बसत नाही. काम आवडले नाही तर तसे तोंडावर सांगावे, आणि कुठे डाग राहिला तो बोट ठेवून दाखवावा. शेजारणीला सांगून उपयोग नाही.

ज्या मंडळीला हे सुरू करायचे असेल तिने एखादा शनिवार ठरवून चर्चच्या आवारात, झाडाच्या सावलीत चार गाड्यांवर सराव ठेवावा. पाणी मोजून द्यावे, गाडीमागे पंधरा लिटर, आणि घड्याळ लावावे. सरावाला शक्यतो जुन्या, आधीच ओरखडे असलेल्या गाड्या आणाव्यात. नवी कोरी गाडी असणाऱ्यांनी मुलांचा हात बसेपर्यंत महिनाभर थांबावे आणि तोवर वायर धरायला यावे.